ठरवून केलेले लग्न : हिंदू समाजातील बदलती मूल्ये

वधू-वरांच्या आधी दोन घरांची बोलणी होऊन जमलेला विवाह. स्मृतींनी सांगितलेल्या आठ विवाहप्रकारांत पित्याने वर पाहून कन्यादान करण्याचा ब्राह्म विवाह श्रेष्ठ ठरला आणि परस्परांच्या इच्छेने होणाऱ्या गांधर्व विवाहाला खालची जागा मिळाली. गेल्या दीडशे वर्षांत ही उतरंड उलटली असे म्हणता येत नाही. लग्न ठरवण्याची चौकट टिकली. तिच्या आत शेवटचा शब्द कोणाचा, हे मात्र बदलत गेले. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील व्यवहाराला धरून आहे.

जुन्या व्यवस्थेत मुलीच्या संमतीचा प्रश्नच येत नसे, कारण संमती देण्याच्या वयाआधीच ती बोहल्यावर उभी असे. हा प्रश्न चव्हाट्यावर आणला रखमाबाईंनी. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जायचे नाकारले, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. पण १८८७ मध्ये पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात राहावे, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोडीने प्रकरण मिटले आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. त्याच वादाच्या धगीत १८९१ चा संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे किमान वय वाढवणारा, कायदा आला. टिळकांनी त्याला विरोध केला होता. त्याआधीच, १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीविना लग्ने लावायला सुरुवात केली होती. जोतीराव फुल्यांनी त्यासाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वधू स्त्रीच्या हक्काचे वचन मागते. बाकीच्या मांडवांत वधूला एक शब्द बोलायचा नसे, हे लक्षात घेतले तर या रचनेचे धाडस कळते.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही किमान वये ठरवली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ती १५ व १८ झाली आणि १९७८ पासून १८ व २१ आहेत. अल्पवयीन वधूच्या लग्नाला पालकाची संमती घेण्याची तरतूदही १९७८ मध्येच गळाली. बळजबरीने किंवा फसवून होकार घेतला असेल, तर विवाह रद्द करून मागता येतो. घराघरांत मात्र मुलीचा नकार ऐकून घेण्याची सवय या कायद्यांच्या बरीच मागून आली.

सोयरिकीच्या नियमांपैकी काही कायद्याने सैल केले, काही आपोआप झिजले. सगोत्र विवाहाला १९४६ च्या कायद्याने मान्यता दिली. सपिंड म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्याची बंदी वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत असली, तरी रूढीला सूट आहे, म्हणून मामाची मुलगी करण्याची मराठी चाल कायद्याने अडली नाही. शहरी, शिकलेल्या घरांतून ती आपणहून मागे पडली. मराठा व इतर अनेक जातींत एक देवक (कुळाचे पूज्य प्रतीक) असलेल्या घरांत सोयरीक न करण्याचा दंडक अजून पाळला जातो. पत्रिकेचे स्थान गमतीचे आहे. ३६ पैकी निदान १८ गुण जुळावेत, एकनाड नसावी, मंगळ पाहावा, हे सारे चालू आहे; पण स्थळ मनात भरले तर तोडगा निघतो आणि भरले नाही तर ‘पत्रिका जुळत नाही’ इतका सभ्य नकार दुसरा नाही.

देण्याघेण्यातला बदल सर्वांत उलटसुलट आहे. महाराष्ट्रातील अनेक कष्टकरी जातींत पूर्वी वरपक्ष मुलीच्या बापाला देज देई. शेतात राबणारे माणूस एका घरातून दुसऱ्या घरात जात होते, त्याची ती भरपाई. शिकलेला, नोकरदार नवरा दुर्मीळ आणि म्हणून महाग झाला, तसा पैशाचा ओघ फिरला आणि देजाच्या जागी हुंडा आला. उच्चवर्णीयांचे अनुकरण हेही एक कारण होते. आधुनिक शिक्षणाने ही चाल थोपवण्याऐवजी पसरवली, असेच म्हणावे लागते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानुसार हुंडा देणे-घेणे दोन्ही गुन्हा आहे आणि १९८६ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा पाच वर्षांची झाली. त्यामुळे याद्यांच्या बैठकीत हुंडा हा शब्द ऐकू येत नाही. सोने, गाडी, फ्लॅटचा हप्ता, ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय घालायचे ते घाला’ अशी त्याची रूपे असतात. लग्नाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेणारी आणि नोंदणी विवाहावर भागवणारी घरेही आहेत.

बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी कांदेपोह्यांची बशी घेऊन येई आणि तिला स्वयंपाक, शिवण, गाणे विचारले जाई. आता दोघे आधी फोनवर बोलतात, बाहेर भेटतात, काही महिने घेतात, मग घरचे एकत्र बसतात. वधू-वर सूचक मंडळांच्या वह्यांची जागा १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांनी घेतली, तरी तिथली माहिती पुष्कळदा आई-वडीलच भरतात. मुली पगार, शहर, स्वतंत्र घर, लग्नानंतरची नोकरी यांबद्दल अटी स्पष्ट मांडतात. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय १९७६ मध्ये झाली. आज पुनर्विवाहाची स्थळे उघडपणे नोंदली जातात.

या अटींचा सर्वांत मोठा चटका गावाकडच्या शेतकरी मुलांना बसला. जमीन असली तरी नोकरी नाही म्हणून स्थळ परत जाते. त्यातच २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. ज्या भागात मुली गर्भातच नाकारल्या गेल्या, तिथे नवरी मिळेना याचे नवल वाटायला नको.

जात मात्र सर्वांत कमी हलली आहे. आंतरजातीय विवाह १९४९ च्या कायद्याने वैध ठरले, जोडप्यांना महाराष्ट्र शासन अनुदान देते. तरी २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशभरात त्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासच आढळले. पोटजातीची अट बरीच सैल झाली, आणि जातीतल्याच मुलामुलीचे प्रेम जमले तर घरचे ते रीतसर ‘ठरवून’ देतात. संकेतस्थळांवर ‘जातीची अट नाही’ असा पर्याय असतो. तो निवडणारेही फोनवर आडनाव विचारतात.