झोपेतही न मंदावणारी नाडी

अवटू ग्रंथी, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात जिला थायरॉइड म्हणतो ती, गळ्याशी असली तरी तिचा विकार पुष्कळदा आधी छातीत जाणवतो. इंग्लंडमधील बाथ येथील डॉक्टर केलेब पॅरी यांनी १७८६ मध्ये गलगंड आणि छातीतील धडधड एकत्र असलेली एक रुग्ण स्त्री पाहिली होती. परंतु त्यांचे टिपण छापले गेले ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ मध्ये. १८३५ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी अशाच स्त्रियांचे वर्णन केले आणि आजाराला नाव मिळाले ते ग्रेव्हज यांचे. पॅरींवर हा अन्यायच म्हणायचा.

ही धडधड होते कशी? हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो तो पेशीत कॅल्शियम मोकळे झाल्यावर, आणि सैलावतो तो तेच कॅल्शियम पेशीतल्या कोठारात परत खेचले गेल्यावर. खेचण्याचे हे काम करणाऱ्या पंपाचे जनुक या आजारात जास्त स्रवणाऱ्या टी-३ या अवटू संप्रेरकामुळे अधिक जोमाने चालते, त्यामुळे पंपांची संख्या वाढते आणि स्नायू लवकर सैलावून पुढच्या ठोक्याला लवकर तयार होतो. शिवाय बारीक धमन्या सैल पडतात, नाडीचा वेग वाढतो आणि हृदयाला दर मिनिटाला एरवीपेक्षा बरेच जास्त रक्त ढकलावे लागते.

काळजीमुळे होणारी धडधड गाढ झोप लागल्यावर सहसा शमते, अवटूच्या अतिस्रावामुळे होणारी मात्र शमत नाही. झोपलेल्या माणसाच्या मनगटावर बोटे ठेवून, घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी नव्वदीच्या पुढे भरली, तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर त्याची बोळवण न करता रक्ताची टीएसएच तपासणी करून घ्यावी, असे मला वाटते. टीएसएच म्हणजे अवटूला काम करायला लावणारे, मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे संप्रेरक; अवटू जास्त स्रवू लागली की ते सहसा कमी होते. साठीच्या पुढे तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या १९९४ मधील अभ्यासात ज्यांचे टीएसएच अगदी कमी होते अशा वृद्धांमध्ये दहा वर्षांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका सुमारे तिप्पट आढळला.

याउलट, अवटूचे संप्रेरक कमी पडले की नाडी मंदावते आणि कोलेस्टेरॉल वाढते. त्यावर रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी असते. मात्र ज्यांच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, अशा वृद्धांना डॉक्टर ती अगदी लहान मात्रेने सुरू करतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने वाढवत नेतात, कारण वेग वाढलेल्या हृदयाला लागणारा जादा प्राणवायू त्या धमन्यांतून पुरेसा पोहोचेलच असे नसते.