इंजिन तेच, गाडी वेगळी: कॉर्व्हेटच्या पहिल्या दोन पिढ्या

जुन्या शेवरोले कॉर्व्हेटचा, म्हणजे या अमेरिकन स्पोर्ट्स कारचा, विषय निघाला की 1962 ची सरस की 1963 ची, हा वाद हटकून होतो. इंजिनावरून तो सुटत नाही, कारण दोन्ही वर्षी इंजिन तेच होतं: 327 घनइंचांचं व्ही-8 (इंग्रजी व्हीच्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर), 250 ते 360 हॉर्सपॉवरपर्यंत चार प्रकारांत. फरक कळायला मागच्या चाकांपाशी वाकून बघावं लागतं.

शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने ही गाडी जानेवारी 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आणली. त्या वर्षी फक्त 300 गाड्या बनल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, बॉडी फायबरग्लासची. रूप देखणं, पण बॉनेटखाली सहा सिलिंडर आणि जोडीला दोनच गिअरांचा ऑटोमॅटिक बॉक्स. 1955 मध्ये व्ही-8 आलं, तरी त्या वर्षी जेमतेम 700 गाड्या बनल्या.

गाडीचं नशीब पालटलं ते झोरा आर्कस-डंटोव्ह या इंजिनिअरमुळे. प्रदर्शनातली कॉर्व्हेट पाहून ते इतके भारावले की त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं आणि तिथेच नोकरीला लागले. 1957 पर्यंत फ्युएल इंजेक्शनवर 283 हॉर्सपॉवर मिळू लागले. ताकद आली, पण मागे अजून अखंड एक्सल आणि दोन बाजूंना दोन पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंगा), आपल्याकडे ट्रकखाली दिसतात तसे. एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्यालाही बसणारच.

1963 च्या स्टिंग रेमध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये, हे सगळं बदललं. डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा गिअरसंच) चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्कं बसवलं, दोन्ही चाकं आपापली वरखाली होऊ लागली आणि दोन पाट्यांच्या जागी नऊ पानांचा एकच पाटा आडवा आला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 102 इंचांवरून 98 वर उतरलं. माझ्या लेखी वळणावर भरवशाची कॉर्व्हेट इथून सुरू होते. गिऱ्हाइकांनाही ती पटली: 1962 ला 14,531 गाड्या बनल्या होत्या, 1963 ला 21,513.

डिक्कीला बाहेरून झाकणच नव्हतं. सामान सीटच्या मागून आत सरकवावं लागे. पण खरं भांडण झालं ते मागच्या काचेवरून. डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांना टपापासून शेपटीपर्यंत एक सलग कणा हवा होता, म्हणून कूपेच्या (पक्क्या टपाच्या गाडीच्या) मागच्या काचेत मधोमध पट्टी येऊन तिचे दोन भाग झाले. आरशात नेमकी ती पट्टी येते आणि मागचं दिसत नाही, हे डंटोव्ह यांचं म्हणणं रास्तच होतं. तरी मिचेल यांचंच चाललं, पण एकच वर्ष. 1964 ला अखंड काच आली. तेव्हा काही मालकांनी आपल्या 1963 च्या गाडीतली पट्टी कापून नवी काच बसवून घेतली. आज संग्राहक जास्तीचे पैसे मोजतात ते ती पट्टी शाबूत असलेल्या गाडीसाठी.