खानदेशातली मुलाखत: सरकारी दप्तरापासून विद्यार्थ्याच्या वहीपर्यंत

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायची पाहणी, आला आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतली मुलं वही-मोबाइल घेऊन गावोगाव दिसू लागली. कुणी कानबाई या देवीच्या रोटांच्या उत्सवाबद्दल विचारतं, कुणी रावेर-यावलच्या केळीबागांतल्या मजुरीबद्दल, कुणी सातपुड्यातल्या आदिवासींच्या, होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराबद्दल. चार-पाच जणांशी बोलायचं आणि अहवाल लिहायचा, इतकं ते सोपं वाटतं. पण या मुलखात माणसांना प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे, आणि ती बरीचशी सरकारी आहे.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. डोंगरातल्या भिल्लांना आवरायचं कसं, ही नव्या राज्यकर्त्यांची मोठी चिंता होती. १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी भिल्ल पलटण उभी केली ती याच चिंतेतून. पुढे १८८० मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली खानदेशचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, निघालं. पिकं, बाजार, जातीजमाती, लग्नविधी असा ऐवज त्यात भरपूर आहे आणि आजही प्रकल्पाआधी ते चाळावंच. मात्र हे कुणी सांगितलं, कोणत्या गावात, कशाच्या बदल्यात, याचा पत्ता त्यात क्वचितच लागतो. अख्खी जमात एकाच माणसासारखी वागते, अशा थाटात ते लिहिलेलं आहे.

१९०१ च्या जनगणनेच्या सुमारास देशभर जातीजमातींची पाहणी सुरू झाली. मुंबई इलाख्याचं काम आर. ई. एन्थोव्हेन यांच्याकडे होतं. त्यातून तयार झालेले तीन खंड १९२० ते १९२२ दरम्यान छापले गेले. त्याच काळात जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्याचं भारतातल्या भाषांचं सरकारी सर्वेक्षण चालू होतं. खानदेशी बोलीचा भाग भिल्ली बोलींसोबत १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वेक्षणाची रीत मजेशीर होती. प्रत्येक बोलीचा पहिला नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या बोलीत करून मागवली जाई, म्हणजे बोलींची तुलना सोपी. पण त्यासोबत स्थानिकांची स्वतःची गोष्ट किंवा गाणं, असा दुसरा नमुनाही मागवलेला असे. पहिल्यात माणूस साहेबाची गोष्ट आपल्या बोलीत सांगतो, दुसऱ्यात आपली. प्रकल्पाची प्रश्नावली तयार करताना हा फरक डोक्यात ठेवला तर निम्मं काम होतं, असं माझं मत आहे.

मुक्काम ठोकून, लोकांत राहून, त्यांची भाषा शिकून लिहायची पद्धत मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की यांच्या पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवरच्या कामामुळे प्रतिष्ठित झाली; त्यांचं त्यावरचं गाजलेलं पुस्तक १९२२ चं. इकडे मुंबई विद्यापीठात घुर्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र-मानववंशशास्त्राची ही विद्या रुजवली. कर्वेबाईंनी पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची सामाजिक-आर्थिक पाहणीही केली.

विद्यापीठांबाहेर खानदेशात वेगळंच काही चाललं होतं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांची ओढ मात्र कागदपत्रांकडे होती. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवल्या. आणि बहिणाबाई चौधरी! त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या जे रचत-गात, ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी उतरवून घेतलं; बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. खानदेशातलं सगळ्यांत मोलाचं टिपण असं प्रश्नावलीविना, घरात झालं. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचंच नाव आहे.

विद्यार्थ्यांना आज शिकवली जाते ती मुलाखतीची पद्धत बरीचशी अमेरिकेतल्या जेम्स स्प्रॅडली यांच्या १९७९ च्या पुस्तकावर बेतलेली असते. आधी मोकळे, वर्णन करायला लावणारे प्रश्न: ‘कापूस वेचणीचा दिवस कसा जातो, पहाटेपासून सांगा.’ मग समोरच्याने वापरलेल्याच शब्दांवरून पुढचे. ‘होय-नाही’च्या रकान्यांना इथे जागा नाही. तरी निम्म्या प्रकल्पांत ते रकाने शिरतातच, कारण टक्केवारी काढली की अहवाल भारदस्त दिसतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी एक गोष्ट आड येते. १९७० च्या दशकात शहादा-तळोद्यात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी मोठी चळवळ झाली. जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांनी दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाब पुरावा म्हणून मान्य केला. कोण कुठे, कधीपासून कसत होतं, ही म्हाताऱ्या माणसाची आठवण तिथे दाव्याच्या फायलीत जाऊन बसते. अशा पाड्यावर ‘तुमची शेती किती?’ हा साधा प्रश्न साधा राहत नाही, आणि समोरचा माणूस आधी वहीकडे पाहतो, मग प्रश्नकर्त्याकडे.

म्हणूनच संमतिपत्राचा मुद्दा इथे नाजूक आहे. पद्धतीच्या पुस्तकात सही किंवा अंगठा घ्या, असं असतं. पण सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गेल्याच्या गोष्टी ज्या घरांत सांगितल्या जातात, तिथे अनोळखी मुलाने पुढे केलेला कागद पाहून बोलणं तिथेच थांबू शकतं. तोंडी संमती घेऊन ती ध्वनिमुद्रणात नोंदवणं हाही मान्य मार्ग आहे, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांशी आधीच बोलून तो ठरवता येतो.