ठसका लागला नाही म्हणजे घास नीट गेला असं नाही

मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या आनुवंशिक स्नायुविकारात आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही. लोकलमधला दांडा पकडला की मूठ सुटायला वेळ लागतो, हे घरच्यांना दिसतं. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्गही स्नायूंचाच, याकडे मात्र उशिरा लक्ष जातं.

या आजाराच्या पहिल्या प्रकारात (टाइप १) दोष गुणसूत्र १९ वरच्या डीएमपीके जनुकात आहे. तो १९९२ साली सापडला. सीटीजी ही डीएनएची तीन अक्षरं तिथे ५० पेक्षा जास्त वेळा, कधी हजारावर वेळा येतात. आई किंवा वडिलांना आजार असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी.

जीभ आणि घसा दुबळे झाले की घासाचा थोडा भाग जिभेच्या मुळाशी खळग्यात राहतो आणि नंतर श्वासनलिकेत उतरतो. घशाची जाणीवच मंदावलेली असेल तर ठसकाही लागत नाही. म्हणून खुणा दुसऱ्याच बघाव्या लागतात: जेवल्यावर आवाज ओलसर येणं, एका ताटाला पाऊण तास लागणं, वजन घटणं, पुन्हापुन्हा ताप आणि कफ. न्यूमोनियाचं मूळ अनेकदा इथेच असतं. व्हिडिओ एक्स-रेखाली बेरियम गिळायला देऊन घास कुठे अडतो ते पाहता येतं. ही तपासणी आणि पुढचे व्यायाम वाचा-उपचारतज्ज्ञांचं काम. वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत शिकवतात तीच ही शाखा.

मिसळ या रुग्णांना सगळ्यात अवघड. फरसाण चावून होईपर्यंत पातळ रस्सा घशात पोचलेला असतो. चहात बुडवलेल्या खारीचंही तेच. मऊ भात वरणात एकजीव कालवलेला बरा. ताठ बसावं, छोटा चमचा घ्यावा, प्रत्येक घासाला दोनदा गिळावं आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नये. दिवसभराच्या दगदगीने घशाचे स्नायूही थकतात; मोठं जेवण रात्री साडेनऊऐवजी दुपारी ठेवावं.

तज्ज्ञांनी पेय दाट करायला सांगितलं असेल तर अंदाजावर जाऊ नका. ० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी असलेली १० मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, सिरिंजच्या खालच्या टोकावर बोट धरून १० पर्यंत ताक भरा, बोट सोडून १० सेकंद मोजा. १ ते ४ मिली उरलं तर किंचित दाट, ४ ते ८ उरलं तर थोडं दाट, ८ च्या वर उरलं तर मध्यम दाट. पीठ घातलेलं ताक ठेवल्यावर आणखी घट्ट होतं, म्हणून पिण्याच्या वेळी पुन्हा तपासा.

खाली आतडंही सुस्तावतं: बद्धकोष्ठ, गॅस, कधी जंतू वाढून जुलाब. पित्ताशयात खडेही होतात. बद्धकोष्ठावर सवयीने इसबगोल देऊ नये. तो घशात फुगून अडकू शकतो, मंद आतड्यात गोळाही होतो. पोट फुगून आतडं अडल्यासारखं वाटलं तरी प्रत्यक्ष अडथळा नसेल, असंही घडतं. म्हणून ऑपरेशनआधी स्कॅन हवाच. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगा: भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात त्या सक्सिनिलकोलीनने इथे उलट जबडा आणि छाती ताठरू शकते, आणि गुंगीच्या नेहमीच्या डोसनेही श्वास मंदावू शकतो.