बदलत्या वाऱ्यात गरम हवेचा फुगा उतरवताना

कोल्हापूरच्या परिसरात थंडीच्या दिवसांत पहाटे गुऱ्हाळाच्या चिमणीतून निघणारा धूर पुष्कळदा थोडा वेळ सरळ वर जातो आणि एका ठरावीक उंचीवर आडवा पसरतो. रात्री जमीन निवत गेल्याने तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. यालाच तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. गरम हवेचा फुगा उतरवणाऱ्या पायलटला हवी असलेली बरीचशी माहिती या धुरात दिसते.

फुग्याला सुकाणू नसते. बर्नर पेटवून वर जाणे आणि माथ्यावरची झडप उघडून किंवा आतली हवा निवू देऊन खाली येणे, एवढेच पायलटच्या हाती असते. दिशा बदलायची तर वाऱ्याचा थर बदलावा लागतो. घर्षणामुळे जमिनीजवळचा वारा मंद होतो आणि उत्तर गोलार्धात खाली येणारा फुगा सर्वसाधारणपणे डावीकडे वळतो. पन्हाळा-जोतिबाच्या उतारांवरून पहाटे थंड हवा पंचगंगेच्या खोऱ्याकडे घसरत असेल आणि वर पूर्वेचा वारा असेल, तर दोनशे-तीनशे मीटरच्या अंतरात दिशा पूर्ण उलटू शकते.

अशी सीमा ओलांडणे हाच उतरण्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. २,८०० घनमीटरच्या फुग्यात सुमारे अडीच टन हवा असते, त्यामुळे त्याचा वेग लगेच बदलत नाही. वेगाच्या थरातून मंद थरात शिरल्यावर काही क्षण घुमटावरून वारा वाहतो आणि उचल वाढल्यासारखी वाटते. फुग्याचा वेग भोवतालच्या हवेशी जुळला की ती उचल नाहीशी होते आणि फुगा अपेक्षेपेक्षा जोरात खाली जातो. बर्नरचा परिणाम जाणवायलाही काही सेकंद लागतात, म्हणून ज्योत आधीच द्यावी लागते.

वेळेचे भान तितकेच महत्त्वाचे. ऊन चढले की व्युत्क्रम मोडतो, वरचा वेगवान वारा झोतांनी खाली येतो आणि शांत शिवारात अचानक झुळका सुरू होतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर फुग्याची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणूनच ही उड्डाणे सूर्योदयानंतर लगेच होतात.

जागा निवडताना तोडणी झालेला उसाचा फड चांगला, मात्र वारा ज्या दिशेला वाहतो, त्या बाजूला विजेच्या तारा नसाव्यात. तारांचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो, कारण वरून खांब दिसतात, तारा सहसा दिसत नाहीत. टेकण्यापूर्वी इंधन बंद करतात. प्रवासी जाण्याच्या दिशेकडे पाठ करून, गुडघे किंचित वाकवून टोपलीतल्या दोऱ्या धरतात. टोपली आडवी होऊन थोडी फरफटली, तरी पायलटने सांगेपर्यंत कोणीही बाहेर पडायचे नाही, कारण एका माणसाचे साठ-सत्तर किलो वजन कमी झाले, तरी अर्धवट भरलेला फुगा उरलेल्यांना घेऊन पुन्हा वर उचलला जाऊ शकतो.