निवड वेगळी, नोंद वेगळी

पाचनईची वाट आणि नळीची वाट दोन्ही हरिश्चंद्रगडावरच जातात, म्हणून कुणी त्यांना एकच वाट म्हणत नाही. पण हीच ट्रेकर मंडळी संस्थेच्या सभेत बसली की 'कार्यकारिणी बदलली' हे एकच वाक्य दोन निराळ्या गोष्टींना बिनदिक्कत लावतात. पहिली गोष्ट : सर्वसाधारण सभेत नवी कार्यकारिणी निवडली गेली. दुसरी : धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट-१ वर, 'चेंज रिपोर्ट' नावाचा अर्ज मंजूर होऊन त्या कार्यकारिणीची नावं चढली. या दोन्हींच्या मध्ये काही महिने जातात, कधी काही वर्षं. आणि संस्थांमधली निम्मी भांडणं त्या मधल्या काळातच पेटतात.

मी वकील नाही. गडवाटांवरचा झाडोरा काढणाऱ्या, बाण रंगवणाऱ्या, टाकी उपसणाऱ्या एका छोट्या संस्थेचा सचिव आहे आणि सचिवाच्या नशिबी जे कागद येतात ते माझ्याही आले आहेत. त्यामुळे ओळखीच्या संस्थांचे फोन येत असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमधला वार्षिक सभांचा मोसम उलटला की जरा जास्तच. प्रश्न दोनच असतात, आणि ते एकमेकांच्या बरोबर उलटे असतात.

"निवडणूक झाली, हार घातले, फोटो काढले. आता बँक नव्या खजिनदाराची सही घेत नाही. असं कसं?"

"चेंज रिपोर्ट अजून मंजूर नाही, म्हणून जुने अध्यक्ष म्हणतात, मीच अध्यक्ष. बरोबर आहे का त्यांचं?"

निवडीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना येते. घटनेत सांगितलेल्या मुदतीची नोटीस, विषयपत्रिका, गणपूर्ती, सूचक-अनुमोदक, मतदान, इतिवृत्त. ('सर्वानुमते' आणि 'एकमताने' हे शब्द इतिवृत्तात चवीपुरते वापरणाऱ्यांनी निदान हात वर झाले होते की नाही एवढं तरी लिहावं. असो.)

गाडी अडते ती नोंदीपाशी. महाराष्ट्रात आपल्यासारख्या संस्था बहुधा दोनदा नोंदलेल्या असतात : एकदा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि एकदा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली. पावतीपुस्तकावर 'एफ'ने सुरू होणारा जो नंबर छापलेला असतो तो या दुसऱ्या नोंदणीचा. बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, याच कायद्याच्या कलम २२ मधून येतो. कलमाचा गाभा एवढाच : नोंदवहीतल्या कुठल्याही नोंदीत बदल घडला, तर तो घडल्या दिवसापासून ९० दिवसांच्या आत विश्वस्तांनी, म्हणजे आपल्यासारख्या संस्थेत कार्यकारिणीनं, उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांना कळवायचा. यातली क्रियापदं नीट वाचा. आधी बदल घडतो, मग तो कळवला जातो. कळवल्यामुळे किंवा मंजूर झाल्यामुळे तो घडत नाही.

मूल दवाखान्यात जन्मतं, दाखला महापालिकेत मिळतो. दाखला उशिरा मिळाला म्हणून मुलाचा वाढदिवस पुढे जात नाही. पण शाळेत प्रवेश घ्यायला गेलात की नुसतं मूल दाखवून भागत नाही, तिथे दाखलाच लागतो. निवड आणि नोंद यांचं नातं तंतोतंत असं आहे. वरचे दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांना यातली एकेक बाजू दिसते, दुसरी दिसत नाही.

आधी जुन्या अध्यक्षांचं बघू, कारण या प्रकाराचा मला मनापासून वैताग आहे. मंजुरी येईपर्यंत जुनी कार्यकारिणीच खरी, असं कलम २२ कुठेही म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांमध्येही हीच भूमिका दिसते : निवडून आलेल्यांनी मंजुरीसाठी खोळंबून राहायचं कारण नाही. आणि ते साध्या हिशेबालाही धरून आहे. बदल अर्जाला कुणी विरोध केला की ती चौकशी कोर्टासारखी चालते. तारखा पडतात, साक्षी होतात, उलटतपास होतो. त्यात वर्षं सहज जातात. कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांची असेल आणि ती मंजुरीची वाट बघत बसली, तर किल्ल्या हातात यायच्या आधीच तिची पुढची निवडणूक येईल. मग जुनी मंडळी किती काळ बसणार? त्यांची तर मुदत कधीच संपलेली.

निवडणूक बेकायदा झाली असं जुन्या अध्यक्षांना वाटत असेल, तर हरकत घ्यायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्यांनी जरूर घ्यावी. चौकशीत निवड चुकीची ठरली तर अर्ज नामंजूर होईल. कुणी रीतसर स्थगिती आणली, तर तेवढ्यापुरतं चित्रही बदलेल. पण हरकत घेणं वेगळं आणि कपाटाची किल्ली खिशात घालून "आधी मंजुरी आणा" म्हणत फिरणं वेगळं. पहिलं कायद्यात बसतं. दुसरं नुसतंच खुर्चीत बसतं.

आता दुसरी बाजू. इथे वैताग दुसऱ्यांवर काढता येत नाही, कारण ही चूक आमच्याच संस्थेनं केली.

एका गडाच्या वाटेवर पावसात खचलेला टप्पा दुरुस्त करायचा होता. वाट वनहद्दीतली, म्हणजे लेखी परवानगी हवी. अर्ज माझ्या सहीनं गेला. उत्तर आलं की सही करणाऱ्याचं पद दाखवणारी परिशिष्ट-१ ची प्रमाणित प्रत जोडा. मागणी रास्तच होती. मी नकलेसाठी अर्ज केला आणि यथावकाश ती हातात आली. आडवा कागद, रकाने आखलेले : संस्थेचं नाव, पत्ता, विश्वस्तांची नावं, वारसाहक्काची म्हणजे पुढचे विश्वस्त कसे नेमायचे त्याची पद्धत, मालमत्ता. नावांच्या रकान्यात सात जण होते. त्यातल्या तिघांना मी कधी भेटलेलोही नव्हतो. पहिलं नाव होतं अध्यक्षांचं, आणि ते जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही दरवर्षी ट्रेकसुद्धा काढत होतो. शेवटच्या नोंदीपुढे बदल अर्जाचा क्रमांक आणि आदेशाची तारीख होती, आठ वर्षांपूर्वीची. त्याखाली कागद कोरा.

मधल्या काळात तीन निवडणुका झाल्या होत्या. तिन्ही व्यवस्थित, इतिवृत्तासकट. पहिल्या सचिवाला वाटलं खजिनदारानं कळवलं असेल. दुसऱ्याला वाटलं ऑडिट रिपोर्टवर नव्या लोकांच्या सह्या गेल्या आहेत, म्हणजे कळलंच असेल. तिसऱ्या निवडणुकीत सचिव झालो मी, आणि मी काहीच वाटून घेतलं नाही. माझेही ९० दिवस उलटून गेलेच.

ऑडिटवाला गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून सांगतो. वार्षिक लेखापरीक्षण अहवाल, १८६० च्या कायद्याखाली द्यायची कार्यकारिणीची यादी आणि बदल अर्ज हे तीन वेगळे कागद आहेत. पुष्कळदा ते एकाच इमारतीत द्यायचे असतात, म्हणून एक दिला की तिन्ही पोचले असं वाटतं. तसं होत नाही. परिशिष्टावरचं नाव बदलतं ते फक्त बदल अर्जानं.

एकदम तिसऱ्या निवडणुकीचाच बदल अर्ज करून मोकळं होता येईल, असं आम्हाला वाटलं होतं. वकिलांनी मान हलवली. प्रत्येक बदल स्वतंत्र, म्हणून अर्ज तीन, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज, आणि निघणार क्रमानं. आधीच्या कार्यकारिणीचीच नोंद नसेल, तर तिनं बोलावलेल्या सभेत निवडून आलेल्यांची नोंद कशाच्या आधारावर करायची? प्रत्येक अर्जाला त्या त्या वेळची नोटीस, उपस्थितीची सही, ठरावाची प्रत, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं. पहिल्या खेपेच्या कार्यकारिणीतला एक जण परदेशात होता. दुसरा भांडून गेलेला. त्याच्या घरी संमतीपत्रावर सही मागायला गेलो तेव्हा त्यानं आधी चहा पाजला, मग अर्धा तास ऐकवलं, मग सही केली.

बँकेचं कोडंही इथेच सुटतं. तुमच्या सभेत काय झालं हे बँकेला कळायचा मार्ग नाही. ती परिशिष्ट बघणार, नाहीतर निदान पोच घेतलेल्या बदल अर्जाची प्रत आणि कार्यकारिणीचा ठराव. काही शाखा पोचेवर काम करतात, काही मंजुरीशिवाय हलत नाहीत. तिथे "आम्ही कायदेशीर निवडून आलोय" हे शंभर टक्के खरं असूनही निरुपयोगी असतं. म्हणून माझा हट्ट असतो की मावळत्या खजिनदारानं फुगून बसू नये. सह्या बदलेपर्यंत नव्या कार्यकारिणीच्या ठरावाप्रमाणे चेकवर सही करून द्यावी. वाटेवर काम करणाऱ्या मजुरांना तुमच्या परिशिष्टाशी घेणं-देणं नसतं, त्यांना शनिवारी पैसे लागतात.

आता सरळ प्रकरणात पूर्वीइतका उशीर व्हायचं कारण नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं कलम २२ मध्ये अशी सोय झाली की विश्वस्तांच्या नावातला बदल आधी तात्पुरता मंजूर करता येतो आणि हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस निघते. कुणी हरकत घेतली नाही तर तीच मंजुरी कायम होते. फक्त तात्पुरत्या आदेशाचा फोटो हाती पडल्या पडल्या "मंजूर!!!" म्हणून ग्रुपवर टाकू नका. ते ३० दिवस जाऊ द्या.

काही बारीकसारीक घोळ घाईघाईनं उरकतो. ९० दिवस निवडीच्या तारखेपासून मोजायचे, पदग्रहण समारंभापासून नाही. तो समारंभ कायद्याच्या खिजगणतीत नाही, शाल-श्रीफळ कितीही महागाचं असो. विश्वस्ताचा मृत्यू आणि राजीनामा हेसुद्धा बदलच, तेही कळवायचे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडणं म्हणजे राजीनामा नव्हे. राजीनामा लेखी असतो आणि तो कधी लागू होतो हे तुमची घटना सांगते.

आणि घटना कपाटातून काढून खरोखर वाचा. आमचा पहिला अर्ज मंजूर झाला, दुसराही झाला. तिसरा, ज्यात माझं नाव आहे तो, अडकलाय. घटनेत लिहिलंय की सभेची नोटीस टपालानं किंवा समक्ष द्यावी. आम्ही ती व्हॉट्सअ‍ॅपवर दिली होती, सगळ्यांनी वाचली होती, वीसेक जणांनी अंगठाही दाखवला होता. ज्या फोनवरून ती गेली, तो नंतर नाणेघाटात पाण्यात पडला. "नोटीस मिळाली होती, सभेला हजर होतो" अशी सभासदांची प्रतिज्ञापत्रं गोळा करतोय सध्या. चाळीसपैकी एकतीस आली आहेत. उरलेल्यांपैकी दोघं म्हणतात, पुढच्या ट्रेकला भेटू तेव्हा देतो.