नोवित्स्की, डिर्क
नोवित्स्की, डिर्क : (१९ जून १९७८ – ). जर्मन बास्केटबॉलपटू. जन्म बव्हेरियातील वुर्झबुर्ग येथे. आई हेल्गा बास्केटबॉल खेळत असे, वडील हँडबॉल. डिर्कही आधी हँडबॉल आणि टेनिस खेळला. बास्केटबॉलकडे तो तसा उशिरा वळला. त्याची उंची पुढे २.१३ मीटरवर गेली.

पंधराएक वर्षांचा असताना त्याचा खेळ होल्गर गेश्विंडनर यांच्या नजरेस पडला. हे जर्मनीचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू; १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्येही खेळलेले. गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या या गुरूने चेंडू कोणत्या कोनातून सोडला तर थोडीफार चूक होऊनही तो जाळ्यात पडेल, याचे गणित मांडले आणि त्यावरून शिष्याचा फेक घडवला. शिवाय त्याला सॅक्सोफोन शिकायला लावला. एनबीएचा (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) तारा झाल्यावरही नोवित्स्की उन्हाळ्यात जर्मनीतल्या साध्याशा व्यायामशाळेत याच माणसाकडे फेकीचा सराव करायला जात राहिला.

तो वुर्झबुर्गच्या दुसऱ्या श्रेणीतल्या संघाकडून खेळत होता. १९९८मध्ये सॅन अँटोनिओ येथे निवडक अमेरिकी तरुणांविरुद्ध झालेल्या सामन्यात त्याने ३३ गुण आणि १४ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले. त्याच वर्षी एनबीएच्या खेळाडू-निवडीत मिलवॉकी संघाने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले आणि लगेच अदलाबदलीत डॅलस मॅव्हरिक्स संघाकडे दिले. त्याचा आवडता १४ क्रमांक तेथे दुसऱ्या खेळाडूकडे असल्याने त्याने आकडे उलटे करून ४१ घेतला. पहिला हंगाम त्याला जड गेला. पण प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी सात फुटी खेळाडूने रिंगखालीच उभे राहिले पाहिजे, असा हट्ट धरला नाही. त्याला दुरून फेकण्याची मोकळीक मिळाली आणि उंच खेळाडूकडून असलेल्या अपेक्षाच हळूहळू बदलल्या.

एका पायावर उभे राहून, दुसरा गुडघा वर उचलून, मागे झुकत घेतलेला फेक ही त्याची ओळख. दिसायला हा फेक जरा बेढब, तोल गेल्यासारखा. पण त्या उंचीवरून सुटलेला चेंडू अडवणे जवळजवळ अशक्य असे.

२००६च्या अंतिम मालिकेत डॅलस मायामीविरुद्ध २–० असे पुढे होते, तरी पुढचे चारही सामने हरले. २००७चा हंगाम तर विचित्रच. डॅलसने ६७ सामने जिंकले, नोवित्स्की सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला (हा मान मिळवणारा तो पहिला युरोपीय). पण पुरस्कार हाती आला तेव्हा संघ पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित गोल्डन स्टेटकडून बाद झालेला होता. गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक होते पूर्वी डॅलसकडे असलेले डॉन नेल्सनच. ‘ऐनवेळी कच खाणारा’ हा शिक्का त्याच्यावर बसला, तो माझ्या मते अन्यायाचा होता.

तो पुसला गेला २०११मध्ये. ओक्लाहोमा संघाविरुद्ध त्याने एका सामन्यात ४८ गुण केले; त्यात २४ पैकी २४ फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारे विनाअडथळा फेक) अचूक. अंतिम मालिकेत पुन्हा मायामीच समोर होते. पहिल्या सामन्यात डाव्या हाताच्या मधल्या बोटाला दुखापत झाली, चौथा सामना तो तापात खेळला. डॅलसने ४–२ अशी मालिका जिंकून पहिले विजेतेपद मिळवले आणि मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला.

राष्ट्रीय संघासाठीही त्याने बरेच केले : २००२च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, २००५च्या युरोपीय स्पर्धेत रौप्य आणि दोन्हीकडे सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो जर्मनीचा ध्वजवाहक होता.

२१ हंगाम एकाच संघाकडून खेळून २०१९मध्ये तो निवृत्त झाला. दुसरीकडे जास्त पैसा मिळत असतानाही त्याने डॅलस सोडले नाही. खात्यावर ३१,५६० गुण होते; त्या वेळी एनबीएच्या इतिहासात त्याच्यापुढे पाचच जण होते. २०२२च्या नाताळात डॅलसच्या क्रीडागृहाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला, अर्थातच त्या एका पायावरच्या फेकीच्या पवित्र्यात. २०२३मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी मनिला येथे सर्बियाला ८३–७७ असे हरवून जर्मनी प्रथमच जगज्जेता झाला; नोवित्स्कीच्या काळात ते साधले नव्हते.